हवा तापली, मासा कुठे आहे?

प्रश्न: आठवडाभर कडक ऊन आहे, तरी काठाजवळ एकही मासा गळाला लागत नाही. जागा चुकते का?

जागा नाही, मोजमाप चुकतं. हवा दिवसात तापते, मोठ्या जलाशयाच्या पाण्याला आठवडे लागतात. थर्मामीटर दोरीला बांधून एक मीटर खोल पाच मिनिटं धरा. आकडा १० अंशांखाली असेल तर मासे सुस्त असतात. अशा वेळी वारा येऊन धडकतो तो काठ बघा. वरचं कोमट पाणी तिकडे ढकललं जातं.

प्रश्न: वेळ कोणती धरावी?

पाणी गार आहे तोवर दुपार. पाणी २० च्या पुढे गेलं की पहाट.

प्रश्न: दुकानदार ‘वसंत स्पेशल’ सुगंधी आमिष घ्या म्हणतो.

नको. गार पाण्यात माशाचं पचनच मंद असतं, भूक डबीतून येत नाही. लहान गळ, अर्धं गांडूळ.

प्रश्न: गाभोळी भरलेली सायप्रिनस (कार्प जातीचा मासा) लागली. सोडली तरी मरतेच म्हणतात, मग ठेवली तर काय बिघडलं?

कोण म्हणतं? नीट सोडलेली मादी बहुधा जगते. मरते ती हाताळणीनं. पाणी साधारण १८ अंशांवर गेलं की ती अंडी घालायला उथळ गवतात येते आणि मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. ती फुटायला तीन-चार दिवस लागतात. तेवढ्यात पातळी उतरली तर गवतावरच सुकतात. पातळी आपल्या हातात नाही, मादी आहे. कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. म्हणून गळाचा उलटा दात आधीच पकडीनं दाबून टाका, हात ओले करा, गळ पाण्यातच काढा. बाहेर काढावीच लागली तर स्वतःचा श्वास रोखा. तो सुटायच्या आत मादी पाण्यात हवी. गळ गिळला असेल तर ओढू नका, तंगूस तोंडाजवळ कापा. सोडताना सरळ धरून ठेवा, ती आपण होऊन झटका देईपर्यंत. मात्र काही ठिकाणी ही परकी जात मानतात आणि परत सोडणं बेकायदा असतं. परवाना देणाऱ्या कार्यालयात आधी विचारा, गळाला लागल्यावर नव्हे.

प्रश्न: धरणाच्या दरवाज्यांखाली मासा जास्त मिळतो म्हणे?

मिळत असेल. पाणी कधी सोडणार हे धरणाच्या नियंत्रण कक्षाला विचारल्याशिवाय तिथे उतरू नका.

प्रश्न: पाण्यावर हिरवी साय, काठाला मेलेले मासे. जिवंत पकडलेला चांगला शिजवून खाल्ला तर?

नाही. निळ्या-हिरव्या शेवाळाची काही विषं उकळूनही जात नाहीत. मत्स्य विभागाला आजच कळवा. खाऊन झालं असेल आणि उलट्या होत असतील तर डॉक्टरकडे जा, मला लिहीत बसू नका.