‘काका मला वाचवा’ सांगायचं की नाही?

प्रश्न: मी पुण्यात तीन वर्षं गाइडचं काम करते. शनिवारवाड्यात गट नेला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘काका मला वाचवा अजून ऐकू येतं का हो?’ नाही म्हटलं की लोकांचे चेहरे पडतात आणि हो म्हटलं की मला रात्री झोप लागत नाही. आता आम्ही आठ-दहा गाइड आणि काही हौशी मंडळी महिन्यातून एकदा जमायचं म्हणतोय. बैठकीत नेमकं करायचं काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर: झोप लागत नाही, हे वाचलं आणि तुमच्या बैठकीची काळजी मिटली. शाळेत सव्वीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर मीही अशाच एका बैठकीला जायला लागले. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याची ओसरी, खाली सतरंजी, मधे चहाची किटली. आमचा नियम एकच होता. आपण लोकांना जे सांगतो त्यातली एक गोष्ट प्रत्येकाने आणायची आणि बाकीच्यांनी विचारायचं, ‘कुठून?’ कुठल्या कागदातून, कुठल्या पुस्तकातून, कुणाच्या तोंडून. ‘असं म्हणतात’ हेही उत्तर चालायचं, पण ते तसंच सांगायचं.

‘ध चा मा’ची संध्याकाळ मला अजून आठवते. पुतण्या नारायणराव पेशव्यांना पकडण्याच्या हुकमात रघुनाथरावांनी ‘धरावे’ लिहिलं आणि आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं, ही गोष्ट आम्ही सगळेच सांगत होतो. कुठून? एकाने मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याचं नाव घेतलं. त्याच्या इतिहासात ही हकीकत आहे खरी, पण तो ग्रंथ छापला गेला १८२६ साली आणि नारायणरावांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी. मधे त्रेपन्न वर्षं. आमच्यातल्या एका जुनी मोडी लिपी वाचणाऱ्या आजोबांनी मग कागद मागवला, आधी आडवी रेघ ओढली आणि तिला टांगून बोरूने ‘धरावे’ लिहिलं. म्हणाले, ‘आता करा मारावे.’ बोरू हातोहात फिरला. तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं की नुसतं अक्षर बदलून भागत नाही, काना द्यावा लागतो आणि कान्याला पुढच्या ‘र’च्या आधी जागा लागते. मूळ चिठ्ठीत ती जागा होती का? चिठ्ठी समोर नाही, तेव्हा बोलणंच खुंटलं. त्या दिवसापासून आनंदीबाईंचं नाव घेताना माझी जीभ अडखळते. एका बाईवर अडीचशे वर्षं खुनाचा आळ घ्यायचा तर हातात कागद नको का?

आता तुमचा मूळ प्रश्न. गटाला सांगा की गणपतीचे दिवस होते, पेशवे जेमतेम अठरा वर्षांचे होते आणि ज्यांच्या भरवशावर वाडा होता ते गारदीच आत घुसले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना, म्हणजे सत्तेवर बसलेल्या माणसालाच, दोषी ठरवलं. मग लोकांना जोत्यांकडे बघायला सांगा. आवाज ज्या दालनांतून येतो म्हणतात ती दालनं १८२८ च्या आगीतच गेली. उरले ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्याचा हौद. मी हे सांगितल्यावर चेहरे पडलेले पाहिले नाहीत. लोक गप्प होतात आणि जोत्यावरून सावकाश चालायला लागतात. नारायणरावांची हाक ऐकू येते का, असं तरीही कुणी विचारलं, तर लोक तसं म्हणतात, एवढंच सांगावं.

आणखी एक. दर बैठकीला पेठेतलं एखादं म्हातारं माणूस बोलवा. आमच्याकडे नारायण पेठेतल्या एक आजी आल्या होत्या. मी पानशेतच्या पुराबद्दल बोलत होते. १२ जुलै १९६१, बांधकाम पुरं व्हायच्या आतच धरण फुटलं, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली म्हणून ते निदान सकाळपर्यंत टिकलं, वगैरे. आजी मधेच म्हणाल्या, ‘बाई, पाणी आमच्या जिन्याच्या अकराव्या पायरीला होतं. बाराव्या पायरीवर मी पितळी डबे मांडले होते, ते वाचले.’ दुसऱ्या रविवारी आम्ही टेप घेऊन त्यांच्याकडे गेलो. जिना तोच होता. आजींनी काठी टेकवून पायरी दाखवली, आम्ही रस्त्यापासून उंची मोजून वहीत तारखेसकट लिहिली. पुढे तो वाडा पाडला गेला आणि आजीही गेल्या. वही आहे.

तेव्हा बैठकीसाठी एक जाडजूड वही आधी विकत घ्या. आणि दर दोन-तीन महिन्यांनी खोलीबाहेर पडा. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावापासून शहरात आणलेला नळ हा तर गाइडांसाठी खजिना आहे. जमिनीखालून बांधीव भुयार, जागोजागी उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी ठेवलेली उघडी तोंडं, आणि पेठापेठांतून हौद. काळा हौद, बदामी हौद, बाहुलीचा हौद ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात, पण पाणी कुठून यायचं हे विचारलं तर निम्मे लोक खडकवासला म्हणतात. पाण्याची ही गोष्ट सांगायला लागलात की गंज पेठेत जोतीराव फुल्यांच्या घरच्या हौदाशी थांबाच. १८६८ साली त्यांनी तो अस्पृश्यांसाठी खुला केला. पेठेत हौद असूनही पाण्याला शिवता येत नव्हतं अशी माणसं याच शहरात होती, हे सांगितल्याशिवाय नळाची गोष्ट पुरी होत नाही.

प्रश्न: आमच्या मंडळात सगळे अभ्यासू आहेत. गाइड लोक मीठमसाला लावून सांगतात. त्यांना बैठकीला बोलवावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: बोलवा, आणि पहिल्या रांगेत बसवा. तुमचा निबंध पन्नास माणसं वाचतील. गाइडचं बोलणं तेवढी माणसं एका सकाळी ऐकतात आणि घरी जाऊन मुलांना सांगतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करत जुन्या कागदांची दप्तरं धुंडाळत होते, ते कुणाला तरी कळावं म्हणूनच ना? १९१० साली त्यांनी मेहेंदळ्यांना बरोबर घेऊन भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, आणि तिथल्या पाक्षिक सभांची प्रथा हीच आहे की सापडलेलं चारचौघांत वाचून दाखवायचं. शिवाय लोक काय विचारतात, हे गाइडला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याच्याकडून ते शिकून घ्या.

प्रश्न: माहेरच्या माळ्यावर ट्रंकेत मोडी कागदांचा गठ्ठा सापडला. कडा कुरतडलेल्या आहेत. भाऊ म्हणतो, लॅमिनेट करून बैठकीत दाखवू. तसं करू का?
– एक वाचक, वाई

उत्तर: भावाला आजच फोन करा आणि थांबवा. लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा सुटा होत नाही. चिकटपट्टीही नको, तिचा डाग कागद खातो. घड्या ओढून उलगडू नका. गठ्ठा ज्या क्रमाने बांधलेला आहे तो क्रम मोडू नका, कारण कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी होता यावरूनही वाचणाऱ्याला पुष्कळ कळतं. धुतलेल्या सुती फडक्यात सैल बांधा. पुण्याच्या पेशवे दप्तरातले, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या संग्रहातले, कागदही असेच रुमालांत बांधलेले आहेत. सहज उलगडतात तेवढ्याच कागदांचे दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा, आणि गठ्ठा कुणाचा, कुठल्या ट्रंकेत, कधी सापडला हे वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. बैठकीत फोटो दाखवा. मूळ गठ्ठा घेऊन एकदा पुण्याला सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन या, मोडी जाणणारी माणसं तिथे भेटतील.

बहुधा जमिनीचे वाद, कर्जरोखे, लग्नाच्या याद्या निघतील. त्यात पेशव्यांचं नाव नसलं म्हणून हिरमुसू नका. लग्नाची यादी निघालीच, तर तिची एक नक्कल मला पाठवा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात वाईच्या लग्नात पंगतीला काय वाढत होते, ते मला फार दिवसांपासून वाचायचं आहे.