इंजिन बदललेल्या गाडीला रेडिएटर निवडताना जाडी शेवटी बघा

१.३ लिटरच्या गाडीत २ लिटरचं टर्बो इंजिन बसवलंय, ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढतो, तर तीन रो (नळ्यांच्या ओळी) असलेला जाडजूड ॲल्युमिनियम रेडिएटर घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे की आत्ता घेऊ नका. आधी टेप काढा आणि जाळीमागे किती रुंद, किती उंच कोअर (रेडिएटरचा नळ्या-फिनांचा मधला भाग) बसेल ते मोजा.

पेट्रोलमधल्या उष्णतेचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा कूलंटमध्ये उतरतो. म्हणजे रेडिएटर किती लिटरच्या इंजिनाचा, हा प्रश्नच अपुरा आहे. इंजिन किती ताकद देतं आणि ती किती वेळ सलग वापरली जाते, हे धरून निवड करायची. रोजच्या वापरात पूर्ण ताकद काही सेकंदच लागते. ट्रॅकवर किंवा लांब घाटात ती मिनिटामिनिटांनी लागते, तिथे गणित पार बदलतं.

आता जाडीचं. समोरून आलेली हवा पहिल्या रोमधून जातानाच तापते. मागच्या रोला गरम हवा मिळते, तापमानातला फरक कमी उरतो, म्हणून उष्णताही कमी सुटते. वर दाट, जाड कोअरमधून हवा ओढायला फॅनला जास्त जोर लागतो. दुप्पट जाडीने दुप्पट थंडावा कधीच मिळत नाही. समोरचं क्षेत्रफळ वाढलं की मात्र फरक लगेच जाणवतो. त्यामुळे जागा असेल तितका रुंद-उंच कोअर घ्या, आणि तेवढ्यानेही भागत नसेल तेव्हाच जाडी वाढवा. तुमच्याकडे इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) पुढे असणार, एसीचा कंडेन्सरही असेल. रेडिएटरला त्यांच्यातून आलेली गरम हवा मिळते, हेही धरा.

माझ्या पहिल्या स्वॅपला (इंजिन बदलाला) मी जाड कोअरच घातला होता. सिग्नलला काटा शांत, पण लांब चढणीवर ८०-९० च्या वेगात तो हळूहळू वर सरकायचा. पंप नवा, थर्मोस्टॅट नवा, दोन आठवडे काही उलगडेना. शेवटी लक्षात आलं की रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं फट होती. दाट फिनांतून घुसण्यापेक्षा हवेला तिथून निसटणं सोपं. पत्र्याचे तुकडे आणि फोमच्या पट्ट्या लावून फटी बुजवल्या. रेडिएटर तोच, चढण तीच, काटा जागचा हलला नाही.

यावरून निदानाची एक सोपी खूण सांगतो. उभ्या गाडीत किंवा ट्रॅफिकमध्ये तापते, तर पहिला संशय फॅन आणि श्राउडवर (फॅन आणि कोअरमधलं आवरण) घ्या. वेगात तापते, तर हवेची वाट, कोअरचं क्षेत्रफळ किंवा पाण्याचा प्रवाह बघा; पंपाकडे जाणारी मऊ होज जास्त आरपीएमला चपटी होते, तेही तपासा. तुमची तक्रार पहिल्या प्रकारची आहे. फॅन रेडिएटरच्या मागे बसून हवा ओढणारा असावा आणि श्राउडने जवळपास पूर्ण कोअर झाकायला हवा. नुसता गोल फॅन चिकटवला तर त्याच्या वर्तुळापुरतीच हवा खेचली जाते. फॅनचं वायरिंग रिलेतूनच (जास्त करंट झेलणारा स्विच) करा.

होजची तोंडं इंजिनाच्या तोंडांशी जुळतील असाच टँक (कोअरच्या कडेची टाकी) निवडा, नाहीतर वळणं आणि जोडण्या वाढतात. क्रॉसफ्लो (पाणी आडवं वाहतं असा) रेडिएटर घेत असाल तर झाकण पंपाकडे जाणाऱ्या, म्हणजे कमी दाबाच्या टँकवर असावं. इंजिनातून पाणी येतं त्या बाजूला असेल तर जास्त आरपीएमला पंपाच्या दाबाने ते आधीच उघडतं. १ बारच्या झाकणाखाली निम्मं पाणी-निम्मं कूलंट १२५ अंशांच्या पुढेच उकळतं, ते दडपण टिकणं महत्त्वाचं आहे.

स्वॅपमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते एअरलॉककडे, म्हणजे कूलंटमध्ये अडकलेल्या हवेकडे. बोनेट उतरतं असेल तर रेडिएटर बऱ्याचदा सिलिंडर हेडपेक्षा खाली राहतो आणि हवा हेडमध्येच अडकते. मग रेडिएटर कितीही मोठा असो, हेड तापणारच. सगळ्यात उंच जागी हेडर टँक (कूलंटची वेगळी टाकी) ठेवा आणि हेडमधून त्यात बारीक ब्लीड लाइन (हवा काढणारी नळी) न्या. जनरल मोटर्सच्या एलएस कुटुंबातल्या इंजिनांना यासाठी हेडवर वाफेचे पोर्ट दिलेले असतात. ते बंद करून टाकणारे लोक बघितले की जीव तळमळतो.

रेडिएटर बॉडीला घट्ट आवळू नका, रबर बुशवर बसवा. नाहीतर बॉडीच्या पिळाने ट्यूब आणि हेडर प्लेटच्या सांध्याला तडे जातात. मल्टिमीटरचं एक टोक कूलंटमध्ये, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. सगळं चालू असताना ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर इंजिनाचं अर्थिंग आधी सुधारा, नाहीतर नवं ॲल्युमिनियम आतून खाल्लं जाईल. आणि थर्मोस्टॅट काढून टाका, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

आधी श्राउड लावा, फटी बुजवा, मग एकदा ट्रॅफिकमध्ये फिरवून बघा. तरीही काटा चढला तर जाळीमागची रुंदी-उंची, फॅनचा व्यास आणि हेड रेडिएटरपेक्षा किती उंच आहे ते कळवा. त्यावरून कोअरचं माप ठरवू.