न्यूरोसायन्स घ्यायचंय, पण कर्जाचं काय?

"मॅडम, न्यूरोसायन्स करून पैसे मिळतात का, एवढंच सांगा." शिक्षणाचा सल्ला घ्यायला मुलीला घेऊन आलेल्या वडिलांनी खुर्ची ओढता ओढताच विचारलं. मेंदू आणि मज्जासंस्थेचं हे शास्त्र जिला शिकायचं होतं, ती मुलगी गप्प. तिच्या वहीच्या मागच्या पानावर पेनाने काढलेली एक मज्जापेशी दिसत होती, फांद्याफांद्यांची. "काहालची का?" मी विचारलं. तेव्हा कुठे ती हसली.

(सांतियागो रामोन इ काहाल, स्पेनचा मेंदूसंशोधक. त्याने हाताने काढलेली मज्जापेशींची चित्रं आजही पाठ्यपुस्तकांत असतात. त्याला व्हायचं होतं चित्रकार, वडिलांनी हट्टाने वैद्यकीला घातलं आणि 1906 साली नोबेल मिळालं. हा किस्सा मी तिथे सांगितला नाही. तो दोन्ही बाजूंना वापरता येतो!)

प्रवेश दोन ठिकाणी मिळाला होता. एक नावाजलेलं विद्यापीठ, पण जवळजवळ सगळी फी कर्जातून. दुसऱ्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही, मात्र शिष्यवृत्तीमुळे कर्ज एक तृतीयांशावर येत होतं. वडिलांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. या शाखेचं सरासरी उत्पन्न त्यावर लिहिलं होतं आणि आकडा चांगला घसघशीत होता.

"यात कोण कोण धरलंय?"

ते त्यांना माहीत नव्हतं. अशा सरासरीत बहुतेक वेळा खिचडी असते. ही पदवी घेऊन पुढे डॉक्टर झालेले, पीएचडी करून औषध कंपनीत गेलेले आणि पदवीवरच थांबून प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलेले, सगळे एकाच पंगतीत. बोलता बोलता कळलं की वडिलांच्या डोळ्यांसमोर न्यूरोलॉजिस्ट होता. तो डॉक्टर, त्याला वैद्यकीय पदवी लागते. मेंदूवर संशोधन करणारा वेगळा. कधी उलटाही घोळ होतो. पदवीनंतरच्या पहिल्या वर्षाचाच आकडा पाहिला तर शाखा आहे त्यापेक्षा गरीब दिसते, कारण तेव्हा पुष्कळ जण पुढे शिकतच असतात.

म्हणून मी विचारते, मुलगी कोणत्या पायरीवर उतरणार? नुसत्या पदवीवर मिळतात ती कामं साधारण प्रयोगशाळा सहायकाची किंवा औषधचाचण्यांच्या समन्वयाची, आणि सुरुवातीचा पगार बेताचा. मास्टर्सला बऱ्याचदा पदरचेच पैसे घालावे लागतात. माझ्या मते कर्ज नकळत फुगतं ते याच पायरीवर. पीएचडीला अनेक ठिकाणी फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं, पण पाचेक वर्षं ओढाताणीची. नवं कर्ज होत नाही. जुनं मात्र झोपलेलं नसतं.

ते कसं, हे तोंडी सांगून पटत नाही. कागद घेतला. समजा एकूण कर्ज 100. दर वर्षाच्या सुरुवातीला 25 उचलले, चार वर्षं, व्याज दहा टक्के, शिकताना काहीच भरलं नाही. पदवी हातात येईपर्यंत ते साधारण 128 होतात. दहा वर्षांत मासिक हप्त्यांनी फेडायचे तर वर्षाला 20 च्या आसपास भरावे लागतात, एकूण 202. आणि हप्ते आणखी पाच वर्षं पुढे ढकलून पीएचडी केली, व्याज तसंच चढत राहिलं, तर पहिला हप्ता भरण्याआधीच कर्ज 205 वर गेलेलं असतं.

वडील कागदाकडे बघत राहिले. दर आणि सवलती प्रत्येक कर्जाच्या वेगळ्या, हे मी बजावलं. अभ्यास चालू असताना व्याज चढतं का, पुढच्या शिक्षणासाठी हप्ते थांबतात का, हे करारात शोधायला सांगितलं. हा मजकूर कुणीच वाचत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव.

मग मी मुलीकडे वळले. "आठवड्यातल्या साध्यासुध्या दिवशी तुला काय करत बसायला आवडेल?"

"प्रयोग."

"उंदरांवर?"

ती थबकली. असा विचार तिने केलाच नव्हता. या विषयात उंदीर असतात, आणि त्याहून जास्त वेळ संगणकावर विदा (डेटा) चाळण्यात जातो. संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग ज्याला नीट येतं, त्याला या क्षेत्राबाहेरही काम मिळतं. दोन्ही विद्यापीठांना तिने दोनच गोष्टी विचाराव्यात, असं मी सुचवलं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रयोगशाळेत घेतात का? आणि गेल्या तुकडीतली, पुढे न शिकलेली मुलं आज कुठे आहेत?

तीन आठवड्यांनी दोघं परत आली. नावाजलेल्या विद्यापीठाने दुसऱ्या प्रश्नावर माहितीपत्रक पाठवलं होतं. लहान ठिकाणच्या एका प्राध्यापिकेने मात्र तिला फोनवर अर्धा तास दिला होता. मुलीचा कल आता तिकडे होता, जोडीला संख्याशास्त्र घेऊन. नाव सोडताना वडिलांचा जीव अजून वर-खाली होत होता, आणि ते मला अगदीच चूक वाटलं नाही.

उठताना त्यांनी माझाच जुना कागद काढला. मागच्या बाजूला त्यांनी स्वतः गणित मांडलं होतं. शिकताना दरमहा फक्त व्याज भरत गेलो तर 100 चे 100 च राहतात आणि पुढे वर्षाला 20 ऐवजी 16 लागतात.

"एवढं व्याज माझ्याच्याने जमेल," ते म्हणाले. "बरोबर आहे ना हे?"

मी आकडे पुन्हा एकदा तपासले. बरोबर होते.