पगार आणि थोडे शेअर्स आहेत, इन्कम टॅक्स रिटर्नसाठी ॲप घेऊ, पोर्टलवर भरू का सीएकडे जाऊ?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सोलापुरातच खासगी नोकरी, पगार वर्षाला ७ लाख २० हजार, मोबाईलवर ब्रोकरच्या ॲपमधून शेअर घेता-विकता, त्यात यंदा साधारण ४० हजार शॉर्ट टर्म नफा झालाय, दोन एसआयपी चालू आहेत, ओळखीचा सीए १५०० मागतोय आणि ऑफिसातला मित्र म्हणतोय ॲपवर फुकटात होतं. तर नेमकं कुठलं सॉफ्टवेअर चांगलं.

तुमच्या केसला सरकारी ई-फायलिंग पोर्टल पुरतंय, पैसे द्यायची गरज नाही, पण शेअरचे व्यवहार शेकड्यानं असतील तर ब्रोकरशी जोडलेलं एखादं ॲप घ्या, तिथं दिलेले पैसे वेळेचे आहेत असं समजा, टॅक्स वाचवण्याचे नाहीत.

मी सीए नाही हे आधीच सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलवाल्याकडे अकाउंट्स बघतो, आणि जून लागला की ऑफिसातले, भावकीतले, बायकोच्या माहेरचे, जो तो फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीनं दिलेला दाखला) व्हॉट्सॲपवर टाकतो, "काय बे, रिफंड किती निघतोय बघ की". त्यामुळं पोर्टल, क्लिअरटॅक्स, क्विको, टॅक्सटूविन असं सगळं वापरून झालंय.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे एका ॲपवर टॅक्स जास्त निघतो आणि दुसऱ्यावर कमी. असं नसतंय हो. तुम्ही पोर्टलवर भरा, ॲपवर भरा नाही तर सीएकडच्या कॉम्प्युटॅक्स किंवा विनमॅन सॉफ्टवेअरवर त्याच्या ऑफिसातल्या पोरानं भरू दे, शेवटी तीच माहिती ठरलेल्या साच्यात बेंगळुरूच्या सीपीसीला (आयकर खात्याचं रिटर्न तपासणारं केंद्र) जाते आणि तिथं हिशोब नव्यानं होतो. मागावर जे सूत चढवाल त्याचाच टॉवेल निघणार. आकडे तेच टाकले तर टॅक्स तोच यायला पाहिजे, आणि एखाद्या ठिकाणी रिफंड दहा-पंधरा हजारांनी जास्त दिसत असेल तर आनंद व्हायच्या आधी शोधा की कुठलं उत्पन्न गळालंय किंवा कुठली वजावट कुणी आपल्या मनानं घातलीय.

हे मुद्दाम लिहितोय कारण आपल्याकडं "रिफंड वाढवून देतो, त्यातले इतके टक्के माझे" म्हणणारे फिरत असतात. राजकीय पक्षाला देणगी, नसलेलं घरभाडं, नसलेला मेडिक्लेम असं काहीही टाकतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्यानं अशा खोट्या वजावटी लावून देणाऱ्यांवर देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली, आणि त्याच वर्षापासून फॉर्ममध्ये ओल्ड रिजीमच्या (जुन्या करपद्धतीच्या) वजावटींना पॉलिसी नंबर, विमा कंपनीचं नाव, कर्जाचा खाते नंबर असलं सगळं विचारायला लागलेत. पैसे घेऊन तो माणूस जातो, नोटीस पॅनवाल्याला येते.

आता कामाचं. कुठलंही सॉफ्टवेअर उघडायच्या आधी पोर्टलवर लॉगिन करून एआयएस (तुमच्या पॅनवरच्या व्यवहारांची खात्याकडची यादी) डाउनलोड करा. पगार, बँकेचं व्याज, डिव्हिडंड, शेअर-फंडांची विक्री, सगळं तिथं येतं आणि ॲपवाले ज्याला "ऑटो-फिल" म्हणून मिरवतात ते बहुतेक यातूनच आणि फॉर्म १६ मधून उचललेलं असतं. म्हणजे एआयएसला जे माहीत नाही ते ॲपलाही माहीत नाही. आपल्या सोलापुरात हे फार लागू पडतं, कारण निम्म्या घरांची ठेव पतसंस्थेत असते आणि तिथं टीडीएस (व्याज देतानाच कापायचा टॅक्स) कापला नसेल तर ते व्याज एआयएसमध्ये दिसेलच असं नाही. दिसलं नाही म्हणून टॅक्स नाही असं होत नाही, ते तुम्हालाच "इतर उत्पन्न" मध्ये हातानं टाकावं लागतं. आईच्या नावावरची ठेव पण पैसे तुमचे, असला प्रकार असेल तर ते वेगळंच, त्यात आत्ता शिरत नाही.

शेअरच्या बाबतीत उलटं होतं, एआयएसमध्ये आकडा दिसतो पण तो नेमका नसतो. तुम्ही सकाळी ज्या भावाला विकलं तो भाव डिपॉझिटरीकडं (तुमचे डीमॅटमधले शेअर सांभाळणारी संस्था) नसतो, ती त्या दिवसाच्या बंद भावानं अंदाजे किंमत धरते. त्यामुळं एआयएसचा आकडा आणि ब्रोकरचा आकडा जुळत नाही म्हणून घाबरून जाऊ नका, ब्रोकरकडून टॅक्स पीअँडएल (नफा-तोट्याचा) रिपोर्ट काढा (एक्सेलमध्ये मिळतो) आणि तोच धरा. फंडांसाठी कॅम्स आणि केफिनटेक (फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या) यांचं कॅपिटल गेन (विक्रीतल्या नफ्याचं) स्टेटमेंट ईमेलवर मागवता येतं, फुकट.

आता तुमच्या ४० हजारांवर येतो, कारण इथं बरेच जण फसतात. "१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही" हे सगळ्यांनी ऐकलंय. तुमच्या पगारातून न्यू रिजीममधलं (नव्या करपद्धतीतलं) ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन गेलं की ६ लाख ४५ हजार उरतात, त्यावरचा टॅक्स ८७ए च्या रिबेटमध्ये माफ, इथपर्यंत बरोबर. पण लिस्टेड शेअरच्या शॉर्ट टर्म नफ्यावर २० टक्के वेगळा दर आहे आणि त्याला हा रिबेट लागत नाही. म्हणजे ४० हजारांवर ८,००० आणि वर ४ टक्के सेस, मिळून ८,३२०. सॉफ्टवेअरनं हा आकडा दाखवला की लोक म्हणतात ॲप बिघडलंय, दुसरं बघू. ॲप बरोबर आहे. लाँग टर्म नफा असता, म्हणजे एक वर्षाच्या वर ठेवून विकलेले, तर १ लाख २५ हजारांपर्यंत काहीच नव्हतं.

या रिबेटचीच एक भारी गोष्ट आहे. जुलै २०२४ मध्ये ऐन सीझनला पोर्टलच्या युटिलिटीत (रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये) बदल झाला आणि न्यू रिजीममध्ये शेअरच्या नफ्यावर रिबेट मिळायचा बंद झाला, कायद्यात तसं लिहिलंय का नाही यावर वाद होता पण सॉफ्टवेअर रिबेट मागूच देईना, म्हणजे ५ जुलैच्या आधी भरलं त्याला मिळाला आणि नंतर भरलं त्याला नाही! प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं, कोर्टानं डिसेंबरात सांगितलं की लोकांना क्लेम करता आला पाहिजे, आणि त्यापायी उशिराच्या रिटर्नची तारीख १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवावी लागली. पुढं २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून सरकारनं कायद्यातच स्पष्ट करून टाकलं की स्पेशल रेटच्या (असा वेगळा दर असलेल्या) उत्पन्नाला रिबेट नाही, त्यामुळं तुमच्यासाठी आता वाद उरलेला नाही. पण सॉफ्टवेअरमधली एखादी पेटी बंद आहे म्हणजे कायद्यातही ते नाही असं धरून चालू नये, एवढं त्यातून मी शिकलो.

फॉर्म कुठला? शॉर्ट टर्म नफा आहे म्हणजे आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ लागतो. आणि नीट आठवून बघा, वर्षात एकदा जरी इन्ट्राडे केलं असेल, सकाळी घेतलं दुपारी विकलं, तर तो सट्ट्याचा धंदा धरतात आणि आयटीआर-३ होतो. एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) केलं तरी आयटीआर-३. पीअँडएल रिपोर्टमध्ये इन्ट्राडेची वेगळी ओळ असते, तिथं शून्य आहे ना बघून घ्या. शून्य नसेल तर माझं वरचं उत्तर बदलतंय, मग पोर्टलवर एकट्यानं बसू नका, ताळेबंदाचे रकाने बघूनच डोकं धरून बसाल, तिथं पैसे देऊन ॲप किंवा सीए घ्या.

आयटीआर-२ पोर्टलवर भरताना दोन जागी अडकायला होतं. एक म्हणजे ११२ए चं शेड्यूल, लाँग टर्मवालं. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेले शेअर असतील तर एकेक कंपनी वेगळी लिहावी लागते, नंतरचे असतील तर एकत्र आकडा चालतो. वडिलांकडून आलेले जुने शेअर नसतील तर हा भाग पाच मिनिटांचा आहे. दुसरी जागा म्हणजे कॅपिटल गेनच्या अगदी शेवटी एक तक्ता येतो, नफा कुठल्या काळात झाला ते विचारतो, १५ जूनपर्यंत किती, १५ सप्टेंबरपर्यंत किती, १५ डिसेंबर, १५ मार्च आणि ३१ मार्च. हा तक्ता रिकामा सोडला किंवा बेरीज वरच्या नफ्याशी जुळली नाही की लाल अक्षरात एरर आणि पुढं जाऊ देत नाही, निम्मे लोक इथंच कंटाळून सीएला फोन लावतात. ॲडव्हान्स टॅक्सचं (वर्षातच हप्त्यानं भरायचा टॅक्स) व्याज काढायला तो लागतो. ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये ही तिमाहीची फोड बहुतेक तयार मिळते, बघून उतरवा, झालं. ॲपचा खरा फायदा एवढाच की ब्रोकरकडून फाइल ओढून हे शेड्यूल आणि तक्ता आपोआप भरतं. झेरोधावाल्यांना क्विको जोडता येतं, बाकीच्यांतही एक्सेल अपलोड असतो.

फुकटचं म्हणाल तर मित्राला विचारा त्याच्याकडं शेअर आहेत का. "फ्री" बहुतेक साध्या पगारवाल्यांनाच असतं, आणि कॅपिटल गेनचं पान भरलं की मगच प्लॅनचे पैसे दिसतात, अर्धा तास माहिती भरून झाल्यावर कोण परत फिरणार, देऊन टाकतो माणूस. हे आपल्याकडंच नाही, अमेरिकेत टर्बोटॅक्सवाल्या इंट्युइटला २०२२ मध्ये याच "फ्री" च्या जाहिरातींपायी सगळ्या ५० राज्यांशी तडजोड करून १४ कोटी १० लाख डॉलर द्यायला लागले. तर ॲप घेणार असाल तर आधी त्यांचं दरपत्रक उघडून "कॅपिटल गेन" शब्द कुठल्या प्लॅनमध्ये आहे ते बघा.

आणि एक, झेरॉक्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याकडं कधी रिटर्न भरलं असेल तर पोर्टलवर प्रोफाइलमध्ये जाऊन मोबाईल आणि ईमेल कुणाचा आहे ते आज बघाच. आमच्या कारखान्यातल्या बऱ्याच जणांचा दुकानदाराचाच नंबर निघाला, पीएफ काढल्यावर कापलेला टीडीएस परत मिळवायला गेले होते बिचारे. नोटीस त्याच्या मोबाईलवर जाणार, तुम्हाला कळणार पण नाही.

सीएचे १५०० जास्त आहेत असं मी म्हणणार नाही. घर किंवा प्लॉट विकला, एफ अँड ओ चा तोटा पुढं ओढायचाय, परदेशी कंपनीचे शेअर मिळालेत, जुनी नोटीस आलीय, असं काही असतं तर मी स्वतःच तुम्हाला तिकडं पाठवलं असतं. द्यायचेच असतील तर एवढं विचारा की एआयएस उघडून बघणार का नुसता फॉर्म १६ उतरवून देणार.

घाई पण करू नका. एप्रिल-मेमध्ये एआयएस अर्धवट असतं, बँका आणि कंपन्या शेवटच्या तिमाहीच्या टीडीएसचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरतात, फॉर्म १६ ची तारीख १५ जून. त्यामुळं जूनचा तिसरा आठवडा ते जुलैचा दुसरा ही चांगली वेळ, ३१ जुलैच्या आदल्या रात्री सगळा देश तिथंच असतो. ८,३२० पोर्टलवरच्या ई-पे टॅक्समधून आधी भरा, चलनाचा आकडा रिटर्नमध्ये आलाय ना बघा, मग सबमिट. सबमिटनंतर ३० दिवसांत आधार ओटीपीनं ई-व्हेरिफाय करा, उशीर झाला तर व्हेरिफाय केलेली तारीखच रिटर्नची तारीख धरतात आणि केलंच नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात, आणि हे ॲपवरून भरलं तरी तुम्हालाच करावं लागतं.

पुढं काही दिवसांत १४३(१) ची इंटिमेशन (रिटर्न तपासून झाल्याची सूचना) ईमेलवर येते, नाव बघून धसका घेऊ नका, ती सगळ्यांना येते. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरात आणि पुढं जन्मतारीख. आत दोन रकाने असतात, एक तुम्ही भरलेला आणि एक सीपीसीनं काढलेला. दोन्ही सारखे असले तर ईमेल जपून ठेवा, फरक असला तर कुठल्या ओळीत आहे ते इथंच कमेंटमध्ये टाका, पॅन आणि नाव खोडून, बघून सांगतो.