करार संपतोय, पण क्लब म्हणतो ‘सोडणार नाही’

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. कोल्हापुरात तालमीच्या संघातून खेळत वर आला आणि गेली तीन वर्षं राज्याबाहेरच्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबकडून मधल्या फळीत खेळतो. त्याचा करार येत्या ३१ मे रोजी संपतो. गोव्यातला एक क्लब त्याला घ्यायला तयार आहे. सध्याच्या क्लबचे मॅनेजर मात्र म्हणतात, ‘करार आणखी दोन वर्षं वाढवायचा हक्क आम्हाला आहे. दुसरीकडची ऑफर आली तर तेवढ्याच पैशात ठेवून घेण्याचा पहिला मानही आमचाच. आमच्या एनओसीशिवाय तो कुठेही खेळू शकत नाही, आणि जायचंच असेल तर प्रशिक्षणाच्या खर्चाचे सहा लाख भरा.’ डिसेंबर आणि जानेवारीचा पगारही थकला आहे. करारनाम्याची प्रत सोबत जोडली आहे. आम्ही काय करावं?
– एक वडील, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. मॅनेजरांनी चार गोष्टी एका दमात सांगितल्या असल्या तरी कायद्याच्या दृष्टीने वजन असलेली त्यात एकच आहे : दोन वर्षं वाढवण्याचं कलम. म्हणून आधी तेच पाहू.

तुमच्या करारात त्या कलमाचा आशय असा आहे : मुदत संपण्यापूर्वी लेखी कळवून क्लब स्वतःच्या मर्जीने करार दोन हंगाम वाढवू शकेल, त्या काळाचं मानधन उभयतांच्या संमतीने नंतर ठरवलं जाईल. या दुसऱ्या अर्ध्या वाक्यात क्लबची बाजू लंगडी पडते. मानधनाचा आकडा नाही, तो काढायचं सूत्रही नाही. मग दोन वर्षांच्या नोकरीचा करार झाला कुठे? पुढे करार करू, एवढंच बोलणं झालं. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम २९ सांगतं की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल असतो. तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे.

फुटबॉलच्या जगातही अशा एकतर्फी वाढीच्या कलमांकडे संशयानेच पाहिलं जातं. उरुग्वेच्या पेन्यारोल क्लबने कार्लोस बुएनो आणि क्रिस्तियान रोद्रिगेझ या दोघांवर असाच हक्क सांगितला होता. दोघे पॅरिस सेंट-जर्मेनकडे गेले आणि वाद स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादापर्यंत पोहोचला. २००६ मध्ये लवादाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला. असं कलम तपासताना काही कसोट्या लावल्या जातात. एकूण मुदत बेसुमार नाही ना? मुदत संपण्याच्या पुरेसं आधी क्लबने कळवायचं बंधन आहे का? वाढीव काळाचा पगार मूळ करारातच ठरला आहे का? एक पक्ष दुसऱ्याच्या मेहेरबानीवर सोडलेला नाही ना? सही करताना हे कलम खेळाडूच्या ठळकपणे नजरेस आणलं होतं का? तुमच्या करारात ते अकराव्या पानावर, ‘इतर अटी’ या मथळ्याखाली बारीक टायपात आहे आणि त्यात पगार नाही. मूळ मुदत तीन वर्षं, वाढ दोन वर्षं, म्हणजे फिफाच्या पाच वर्षांच्या कमाल मर्यादेत ती बसते. तेवढी एक बाजू क्लबच्या पदरात जाते.

आता सावध करणारी गोष्ट. एखाद्या परिशिष्टात किंवा नंतर सही केलेल्या वेगळ्या कागदावर चौथ्या-पाचव्या वर्षाचा पगार लिहिलेला असेल, तर चित्र पालटतं. मग क्लब म्हणेल की करार संपलाच नाही, पाच वर्षं चालूच आहे, आणि कराराच्या मुदतीत दुसरीकडे काम न करण्याची अट वैध असते. हे म्हणणं पोकळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये निरंजन गोळीकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या कल्याणच्या कारखान्याशी संबंधित प्रकरणात मुदतीतली अशी अट मान्य केली होती. म्हणून मुलाकडची प्रत आणि क्लबकडची प्रत पानागणिक ताडून पाहा. पानांचे क्रमांक, प्रत्येक पानावरची सही, परिशिष्टं, काहीही सोडू नका.

कलम कसंही असलं तरी ते आपोआप लागू होत नाही. लेखी सूचना यावी लागते. मॅनेजरांचं तोंडी बोलणं ही सूचना नव्हे. ३१ मेपर्यंत ती आली नाही तर विषयच संपतो. ‘तुम्ही करार वाढवणार आहात का’ असं तुम्ही होऊन विचारू नका, त्यांना आठवण करून द्यायचं कारण नाही. सूचना आली तर मात्र दोन-तीन दिवसांत ईमेल आणि स्पीड पोस्टने उत्तर पाठवा : मानधन निश्चित नसल्याने वाढ बंधनकारक नाही, ती मान्य नाही, ३१ मे रोजी करार मुदतीने संपतो. आणि एक चूक हमखास होते, ती टाळा. क्लब १ जूननंतर मुलाच्या खात्यात ‘नव्या हंगामाचा’ पगार जमा करतो, मुलगा गप्प राहतो, आणि पुढे तीच त्याची संमती म्हणून पुढे येते. असे पैसे आले तर लेखी हरकत घेऊन लगेच परत करा. थकलेला पगार त्यात मिसळलेला असेल तर कोणत्या महिन्याचे किती, हे क्लबकडून लेखी घ्या.

ऑफर जुळवून ठेवून घेण्याच्या पहिल्या हक्काबद्दल तुम्ही निर्धास्त असा. श्रीरामपूरच्या झहीर खानला परसेप्ट डी’मार्क या कंपनीने याच अटीवर मुंबई उच्च न्यायालयात खेचलं होतं. ऑक्टोबर २००० चा तीन वर्षांचा करार संपल्यावरही नवी ऑफर आधी आम्हाला दाखव, असं कंपनीचं म्हणणं. एकल न्यायमूर्तींनी कंपनीच्या बाजूने मनाई हुकूम दिला, खंडपीठाने तो उठवला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निर्णय कायम ठेवला : मुदत संपल्यानंतर लागू होणारं असं बंधन करार अधिनियमाच्या कलम २७ खाली, व्यवसायाला आडकाठी म्हणून, रद्दबातल. तो करार जाहिरातींचा होता, खेळण्याचा नव्हे. पण तत्त्व तेच, आणि खेळाडूच्या पोटापाण्याशी ते इथे जास्तच जवळून भिडतं.

अशा वेळी फुटबॉलपटू बॉसमनचं नाव हमखास निघतं. बेल्जियमच्या आरएफसी लिएजने १९९० मध्ये करार संपलेल्या बॉसमनला महिना १,२०,००० फ्रँकवरून ३०,००० वर आणायचं ठरवलं, त्याने नकार दिल्यावर त्याच्यावर बदलीची किंमत लावली आणि तो अडकला. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने ही पद्धत मोडली. तो निकाल युरोपीय कायद्याचा आहे, भारतात थेट लागू नाही. आपल्याकडे उपयोगी पडतं ते कलम २७ आणि फिफाच्या चौकटीवर बेतलेली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची नियमावली. नोटिशीत ‘बॉसमन निकालानुसार’ असं लिहून आपली बाजू पातळ करू नका.

एनओसीचा धाक सगळ्यात जुना आणि सगळ्यात पोकळ. करार चालू असताना दुसरीकडे जायचं तर जुन्या क्लबची संमती लागते, कारण कराराने खेळाडू त्याच्याशी बांधलेला असतो. करार संपला की अडवायला हातात काही उरत नाही. त्रास होतो तो सीआरएस या नोंदणी प्रणालीत, जर जुन्या क्लबने करार वाढल्याची नोंद घातली किंवा जुनी नोंद लटकत ठेवली तर. तेव्हा गोव्याच्या क्लबमार्फत कराराची प्रत आणि तुमचं लेखी उत्तर जोडून महासंघाकडे नोंदणीची मागणी करा, आणि क्लब हटून बसला तर महासंघाच्या प्लेयर्स स्टेटस कमिटीकडे अर्ज. अर्जात अंतिम निकालापर्यंत तात्पुरती नोंदणी द्यावी, अशी विनंती नक्की घाला. खेळाडू आणि क्लब दोघे भारतीय असल्याने हा वाद झ्युरिकला, म्हणजे फिफाकडे, जात नाही. दिवाणी न्यायालय तर तुमच्या मुलाला त्या क्लबसाठी खेळायला लावूच शकत नाही. ज्या कराराचं पालन व्यक्तीच्या अंगच्या गुणांवर अवलंबून आहे, त्याची सक्तीने अंमलबजावणी विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम १४ होऊ देत नाही.

सहा लाखांची मागणी करारात कुठे आहे ते मॅनेजरांना लेखी विचारा. तुम्ही पाठवलेल्या पानांत ती नाही. मुदतीआधी नोकरी सोडली तर ठरावीक रक्कम भरण्याची अट टिकू शकते. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दोन लाखांची तशी अट वैध ठरवली. पण तुमचा मुलगा मुदत पूर्ण करून निघतो आहे. प्रशिक्षण भरपाई नावाची वेगळी गोष्ट आहे खरी, आणि २३ वर्षांखालच्या खेळाडूबाबत तो प्रश्न निघू शकतो. ती नवा क्लब जुन्याला देतो, खेळाडू किंवा त्याचे वडील नव्हे. गोव्याच्या क्लबला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी तो कचरणार नाही.

थकलेल्या पगारासाठी आजच स्वतंत्र नोटीस द्या : दोन महिन्यांची रक्कम, बँक खात्याचा उतारा, आणि भरायला १५ दिवस. फिफाच्या कलम १४ बिसमध्ये हीच रीत आहे आणि त्यानंतर खेळाडूला करार मोडण्याचा हक्क मिळतो. तो हक्क तुम्ही वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन-साडेतीन महिने उरलेत, आणि वाद उद्भवला तर मुलगा चुकीच्या बाजूला उभा दिसेल. २०२४ मध्ये अन्वर अलीने मोहन बागानचा चार वर्षांचा लोन (उसनवारीवर खेळण्याचा) करार मध्येच सोडून ईस्ट बंगालची वाट धरली, तेव्हा महासंघाच्या समितीने चार महिने बंदी आणि १२ कोटी ९० लाखांची भरपाई ठोठावली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर तो आदेश मागे घ्यावा लागला, पण हंगामाच्या तोंडावर खेळाडूची जी ओढाताण झाली ती झालीच. थकबाकी बुडत नाही. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे.

तोवर मुलाने रोजच्या सरावाला हजर राहावं, दुखापतीची वैद्यकीय कागदपत्रं जपावीत, रजा लेखी मागावी. सही करत नाही म्हणून त्याला संघापासून तोडून एकटाच सराव करायला लावलं, तर तारखा, वेळा आणि मेसेज नोंदवून ठेवा. दबाव आणून करार बदलून घेण्याचं असं वर्तन नियमांना मंजूर नाही, आणि समितीपुढे ते क्लबलाच भोवतं.

गोव्याच्या क्लबशी बोलणी आता वैध आहेत, कारण शेवटचे सहा महिने सुरू झाले आहेत. मात्र बोलणी सुरू करण्यापूर्वी त्या क्लबने सध्याच्या क्लबला लेखी कळवायला हवं, आणि त्याची प्रत तुमच्याकडे असायला हवी. नव्या करारात सुरुवात १ जून लिहा. ‘वैद्यकीय तपासणीत पास झाल्यास’ किंवा ‘एनओसी मिळाल्यास’ अशी अट येऊ देऊ नका. तपासणी सहीच्या आधी उरकून घ्यावी. आणखी कुणाची ऑफर आली तरी त्याच काळाचा दुसरा करार करू नका. ३१ मेच्या आत आणखी एक काम उरका : किट आणि खोलीची चावी परत करून पोच घेणं. पगाराच्या बदल्यात ‘पूर्ण व अंतिम हिशेब’ असा कागद पुढे आला तर रक्कम खात्यात जमा होईपर्यंत सही नाही.

शेवटी, मुलाला एक प्रश्न आजच विचारा : तीन वर्षांपूर्वी सही करताना त्याच्याकडून कोऱ्या कागदावर किंवा तारीख न घातलेल्या मुदतवाढीच्या फॉर्मवर सही घेतली होती का? घेतली असेल, तर क्लबने तो कागद भरण्याआधी, म्हणजे याच आठवड्यात, त्या सहीचा उल्लेख करून ‘तिचा कोणताही वापर मला मान्य नाही’ असं त्याच्या नावाने क्लबला आणि महासंघाला ईमेल करा.