जुना दगडी पूल तपासताना आधी पाण्याखाली बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या नदीवर पाच गाळ्यांचा ब्रिटिशकालीन दगडी पूल आहे, मधल्या कमानीच्या पोटाला भेग दिसते. अर्धं गाव म्हणतं 'साहेबाच्या काळातलं काम आहे, काही होत नाही', उरलेलं म्हणतं पाडून टाका. (वाळूच्या गाड्या मात्र दोन्ही गटांच्या त्याच पुलावरून जातात, हे तुम्हीच लिहिलंय.)

कमान सहसा दगड चिरडून पडत नाही. दगडावर येणारा दाब त्याच्या ताकदीच्या मानाने फारच कमी असतो, त्यामुळे पुलाचा दगड लॅबमध्ये फोडून 'ताकद भरपूर' असा रिपोर्ट आणला तरी त्यातून विशेष काही कळत नाही. कमान उभी राहते ती आकारावर आणि स्वतःच्या वजनावर. भार दगडादगडातून खांबांकडे उतरतो. त्याची वाट कमानीच्या जाडीच्या आत आहे तोवर दरजांमधला चुना झडला तरी कमान तग धरते. ही वाट कडेला सरकली की तिथला सांधा उघडतो आणि बिजागरीसारखा वागू लागतो. अशा तीन बिजागऱ्या कमान पचवते. चौथी झाली की संपलं.

म्हणून भेग आहे की नाही यापेक्षा ती कुठे आहे आणि कुठल्या दिशेने जाते ते सांगा. रस्त्याच्या दिशेने, बाजूच्या भिंतीलगत गेलेली भेग म्हणजे कमान आणि रस्ता यांच्यामधला भराव भिंतीला बाहेर ढकलतोय. दुरुस्ती हवीच, पण पुलाच्या जिवावरचं नाही. माथ्यावर, रस्त्याला आडवी भेग असेल तर खांब कधीतरी किंचित सरकलेत. अशा भेगेत बऱ्याचदा चुन्याची पांढरी पुटं आणि कुंभारमाशीची घरं सापडतात, म्हणजे प्रकरण जुनं आहे. खांबापासून निघून कमानीवर तिरकी चढणारी भेग मात्र वाईट. खांब एका बाजूने खचतोय. अशी असेल तर चर्चा नको, अवजड वाहतूक आजच बंद करा. शंका असेल तर भेगेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवा, शेजारी तारीख लिहा आणि एक पावसाळा जाऊ द्या. काच तडकली तर भेग जिवंत आहे.

आता खरा मुद्दा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला, दोन एसटी बस वाहून गेल्या. त्याच मे महिन्यात पुलाची पाहणी झाल्याचं तेव्हा सरकारकडून सांगण्यात आलं होतं. उन्हाळ्यात वरून बघून पुराचं उत्तर मिळत नाही. पुरात खांबाभोवतीचं पाणी भोवरे घेत तळ खरवडतं, आणि पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने भरून येतो. मे महिन्यात जावं तर तळ सपाट! म्हणून खांबाच्या चारी बाजूंनी लोखंडी गज ठोकून बघा, प्रवाह येतो त्या वरच्या अंगाला जास्त. एका जागी गज हातभरात खडकाला लागतो आणि दोन पावलांवर नुसता आत जात राहतो, तर तिथे पूर्वी खड्डा पडलेला असण्याची दाट शक्यता आहे. जवळपास वाळूउपसा असेल तर हे काम आधी.

पुराचं पाणी कमानीच्या माथ्याला लागलं की दुसरी अडचण. कमानीचा गाळा वर निमुळता असल्याने पाण्याला वाट कमी पडते, फुगवटा वाढतो, ओंडके अडकतात. शिवाय बुडालेला दगड हलका होतो: घनमीटरला अडीच टनांतला एक टन पाणीच उचलून धरतं. जी रचना वजनावर उभी आहे तिचं वजनच घटतं. पाणी तिथवर आलं की पूल बंद, 'एकच गाडी जाऊ द्या' नाही.

भाराबाबत: गाडीच्या एकूण टनांपेक्षा एका एक्सलवरचा भार बघा, आणि तो कमानीच्या पाव अंतरावर आला की सगळ्यात जास्त छळतो. २०१८ मध्ये चार टायरच्या एक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. त्याआधीच्या तपासणीचा दाखला कोणी दाखवला तर तारीख बघा. गाळा, उंची, माथ्यावरची जाडी आणि भराव मोजून एक्सलभाराचा प्राथमिक अंदाज देणारी मेक्सी (MEXE) पद्धत आहे, पण पायाबद्दल ती काहीही सांगत नाही.

दुरुस्तीत घाई नको. चुन्याच्या दरजांवर सिमेंट थापलं की पाणी आत कोंडतं आणि दगडाच्या कडा फुटतात. पिंपळ उपटू नका. कापून मुळं मारा, नाहीतर सोबत दगडही येतील. आणि कंत्राटदाराने भराव एकाच बाजूने उकरायला घेतला तर थांबवा, कमानीवरच्या वजनाचा तोल बिघडतो. वेल्समधल्या पाँटिप्रीडला १७५० च्या दशकात विल्यम एडवर्ड्‌सची १४० फुटी कमान बाजूंच्या जादा वजनामुळे माथा वर ढकलला जाऊन कोसळली. पुढच्या वेळी त्याने दोन्ही बाजूंना आरपार गोल भोकं ठेवून वजन कमी केलं. १७५६ चा तो पूल अजून उभा आहे.

तुम्ही सार्वजनिक बांधकाम विभागाला अर्ज देणार असाल तर नुसतं 'स्ट्रक्चरल ऑडिट करा' असं लिहू नका. प्रत्येक खांबाच्या पायाची पाण्याखालची तपासणी आणि नदीतळाच्या पातळ्या लेखी मागा. भेगेचे फोटो इथे टाका, शेजारी पट्टी ठेवून. दिशा कळली की पुढचं बोलू.