घरच्या पीसीसाठी स्वस्तातलं व्हिडिओ कॅप्चर कार्ड कुठलं घ्यावं? पीएस४ रेकॉर्ड करायचाय आणि बाबांच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटपण कॉपी करायच्यात. बजेट २०००.

दोन हजार भरपूर झाले, उलट उरतील. पण एकाच कार्डात पीएस४ पण आणि कॅसेट पण करायला बघताय तिथे गडबड आहे. एकाच तव्यावर बांगडा तळायचा आणि त्यावरच घावन घालायचे असं होतं ते, दोन्ही धड होत नाही.

पीएस४ चं आधी उरकते कारण त्यातलं मला फारसं कळत नाही, मुलगा खेळतो त्याच्याकडून जे शिकले ते सांगते. पेनड्राइव्हएवढी एचडीएमआयची काडी मिळते हजाराच्या आत, खोक्यावर मोठ्ठं ४के लिहिलेलं असतं. स्वस्तातल्या बहुतेक काड्यांत एमएस२१०९ नावाची चिप असते, ती ४के आत घेते पण कॉम्प्युटरला देताना १०८०पी आणि सेकंदाला ३० फ्रेमच देते. यूएसबी २.० आहे ना, ४८० मेगाबिटची वाट, आणि न दाबलेलं १०८०पी ६० फ्रेमने पाठवायचं तर जवळजवळ २००० मेगाबिट लागतात, मग ती चित्र दाबून दाबून पाठवते. टोकाचं प्लास्टिक निळं म्हणजे ३.० असं समजू नका, निळा रंग कोणीही लावतो. आत डोकावून पिना मोजा, चार असतील तर २.०, नऊ असतील तर ३.०. ६० फ्रेम हवेच असतील तर एमएस२१३० चिपवालं बघा. पीएस४ च्या सिस्टिम सेटिंगमधून एचडीसीपी, म्हणजे कॉपी अडवणारं कुलूप, बंद करा नाहीतर काळा पडदा बघत बसाल, आणि ओबीएसच्या (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) विंडोत बघून खेळू नका, चित्र मागून येतं, त्यापेक्षा लूप-आउट, म्हणजे तेच चित्र सरळ टीव्हीला देणारं भोक, असलेलं कार्ड घेऊन टीव्हीवर बघा. झालं.

आता कॅसेट. यासाठीच लिहायला बसले.

माझं लग्न १९९६ चं, ठाण्याला नौपाड्यातल्या एका कार्यालयात, मे महिना, सगळे घामाघूम. तीन तासांची कॅसेट, त्यात पहिली दहा मिनिटं गुलाबाच्या फुलात आमचे दोघांचे फोटो गरागरा फिरतात, ते सोडून द्या, तेव्हा सगळ्यांच्याच कॅसेटमध्ये फिरायचे. पण त्या कॅसेटमध्ये माझ्या सासऱ्यांनी, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो, स्वतः रचलेलं एक मंगलाष्टक म्हटलंय. अस्सल शार्दूलविक्रीडितात, ओळीला १९ अक्षरं, बोटांवर मोजून मोजून आठवडाभर बसले होते म्हणे, आणि त्यात माझ्या माहेरच्या सगळ्यांची नावं गुंफली होती, अगदी माझ्या आजीचंसुद्धा. आप्पांचा आवाज असलेलं घरात दुसरं काहीही नाही. २०१८ ला ते गेले तेव्हा हे लक्षात आलं.

तेव्हा मी कॅसेट कॉपी करायचं काम अंगावर घेतलं. घोडबंदर रोडच्या एका स्टुडिओत विचारलं तर त्यांनी कॅसेट ठेवून जा, महिन्याने फोन करा असं सांगितलं. आप्पांची कॅसेट मी कोणाकडे ठेवून जाणार नाही. मग ऑनलाइन साडेसहाशेला ते पिवळी-पांढरी-लाल पिनवालं यूएसबी कॅप्चर घेतलं, इझीकॅप म्हणतात ते. हे नाव आता कोणीही कशावरही छापतं, आत चिप वेगवेगळ्या निघतात, सोबत एक छोटी सीडी येते आणि आपल्या लॅपटॉपला सीडी टाकायची जागाच नसते. माझ्यात यूटीव्ही००७ वाली निघाली, ती विंडोज १० वर चालली. घेताना परत करता येईल अशा ठिकाणाहूनच घ्या, ही लॉटरी आहे.

व्हीसीआर घरातलाच, माळ्यावर चादरीत गुंडाळलेला. जपून वापरायचा हो, जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत बनवणं बंद केलं आणि त्यानंतर जगात कोणीच नवीन व्हीसीआर बनवत नाही. बेल्ट सैल झाला होता, जांभळी नाक्याजवळ आतल्या गल्लीत एक काका बसतात त्यांनी बसवून दिला, आणि टेप वाचणारं हेड कसं साफ करायचं तेही दाखवलं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्यात भिजवलेला साधा कागद हेडला टेकवायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम आडवा फिरवायचा. वर-खाली घासायचं नाही, हेड तुटतं. कान साफ करायच्या काड्या तर अजिबात नाही, कापसाचे धागे अडकतात.

मग आली वर्षश्राद्धाची वेळ. सगळे जमले होते, जेवणं झाली, मी टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. आप्पा माईक हातात घेतात, पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि तिसऱ्या ओळीला चित्र मधोमध फाटलं, वर पांढऱ्या रेघा, आवाज पाण्याखालून आल्यासारखा. जेमतेम दहा-अकरा सेकंद. नेमकी आजीचं नाव येतं ती ओळ. खोलीत सगळे गप्प. आणि माझे धाकटे दीर, नेरुळला असतात, पान चघळत सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, साडेसहाशेचं कार्ड म्हटल्यावर असंच होणार. आप्पांच्या बाबतीत तरी काटकसर करायची नव्हती."

मी तेव्हा काही बोलले नाही, श्राद्धाच्या घरात काय बोलणार. आमचे हे पण काही बोलले नाहीत, ते कधीच बोलत नाहीत.

रात्री सगळे गेल्यावर मी व्हीसीआर सरळ टीव्हीला लावला. मध्ये कार्ड नाही, लॅपटॉप नाही, काही नाही. तिसरी ओळ, फाटलं. रिवाइंड केलं, परत लावलं, तिथेच फाटलं. अजून दोनदा, तिथेच. म्हणजे खोट टेपमध्ये आहे, कार्डात नाही. कार्डाचा दोष असता तर कार्ड काढल्यावर दिसलाच नसता. तुम्हीपण काहीही खराब दिसलं की आधी हे करा, सरळ टीव्हीला लावून बघा, फुकटची टेस्ट आहे, आणि मग कार्डाला शिव्या द्या.

आता ती टेप तिथेच का खराब झाली तेही सांगते. लग्नात अंतरपाट कोणी धरला होता? भाऊजींनी. एकोणीस वर्षांचे होते, नवीन क्रीम कलरचा ब्लेझर, केसांना जेल. कॅसेट आली त्या पावसाळ्यात रोज कोणी ना कोणी मित्र घरी यायचा आणि हे त्याच जागी पॉज करून दाखवायचे, हा बघ मी. व्हीसीआरमध्ये पॉज म्हणजे टेप थांबते पण हेडचा ड्रम मिनिटाला १५०० वेळा फिरतच असतो, एकाच जागेवर घासत. म्हणूनच मशीन पाचेक मिनिटांनी पॉज आपोआप सोडायचं. ते सुटलं की हे परत दाबायचे. मी नवी सून, मी काय बोलणार, चहा घेऊन यायचे आणि बघायचे की स्क्रीनवर परत ब्लेझर.

बरं एवढ्यावर थांबलं नाही. पुढच्या महिन्यात भाऊजी कॅसेट मागून नेरुळला घेऊन गेले, म्हणे मी नीट करून देतो. अकरा हजारांचं गेमिंगवालं कार्ड आणलं, बाहेरून लाइट लागतात त्याला. त्याला पिवळी पिन बसतच नाही, फक्त एचडीएमआय. मग पाचशेचा एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टरचा डबा आणला. म्हणजे अकरा हजारांच्या कार्डात जे जाणार ते पाचशेच्या डब्यातूनच, आणि काटकसर मी केली! तो डबा काय करतो, जुनं ४:३ चं चित्र ओढून १६:९ करतो, म्हणजे माणसं एक तृतीयांशाने जाड. आणि आपल्याकडची कॅसेट पाल पद्धतीची, सेकंदाला २५ फ्रेमची, त्याचे हा ६० करतो, मग मिरवणुकीत माणसं झटके देत चालतात. पेनड्राइव्ह आला तेव्हा माझी नणंद बघून म्हणाली, "अगं बाई, मी इतकी जाड होते?" आणि तिसऱ्या ओळीला? तिथेच फाटलं. आता जाड आप्पांसकट फाटलं. यावर भाऊजींचं म्हणणं, केबल खराब असेल.

तर कॅसेटसाठी पिवळी पिन सरळ घेणारंच कार्ड घ्या, मध्ये डबा नको. एस-व्हिडिओचं (पिवळ्या पिनेपेक्षा जरा साफ चित्र देणारं) भोक असेल तर चांगलं पण साध्या व्हीसीआरला तसं आउटपुट नसतंच, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. व्हीएचएसमध्ये मुळात २४० रेघांच्या आसपासच डिटेल असतो, दहा हजारांचं कार्ड लावून त्यातून काय हिरे निघणार आहेत?

सेटिंगमध्ये पाल निवडा, बऱ्याच कार्डांवर आधीपासून एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली पद्धत, असतं आणि मग चित्र काळं-पांढरं होतं नाहीतर वर सरकत राहतं. ७२० बाय ५७६ ठेवा. ओबीएसमध्ये सोर्सवर राइट क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये याडिफ २एक्स लावा आणि फ्रेम रेट ५० करा, नाहीतर हात हलवला की कंगव्यासारखे दाते दिसतात. ८००० बिटरेट ठेवला तर तीन तासांच्या कॅसेटला साधारण ११ जीबी जागा जाते. बाबांच्या कॅसेट लावायच्या आधी खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर बघा, पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, ती मशीनमध्ये घालू नका, एक बुरशीवाली हेडला लागली की पुढच्या सगळ्या कॅसेटला लावते. ठाण्याच्या पावसात माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटला बुरशी येणारच. चांगल्या असतील त्यापण आधी एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि परत रिवाइंड करून मगच प्ले करा. आणि कॅसेट अशी थोडी झिजलेली असेल तर स्वस्त कार्ड मधल्या काही फ्रेम सोडून देतं, मग शेवटी शेवटी आवाज आणि ओठ जुळत नाहीत. काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल फिरवून घेतला की हे बरंच सुधारतं, कोणाकडे पडून असेल तर मागून आणा.

आता एक कबूल करते नाहीतर भाऊजी खाली कमेंटमध्ये येऊन सांगतील. मी पहिल्यांदा रेकॉर्ड केलं तेव्हा ओबीएसमध्ये आवाजाला कार्ड निवडायचंच राहिलं आणि लॅपटॉपचा माईक चालू राहिला. त्यामुळे पहिल्या फाइलमध्ये कन्यादानाच्या वेळी आमच्या कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत आणि मी ओरडतेय की अगं खाली गेलीस तर कोथिंबीर आण. ती फाइल चुकून फॅमिली ग्रुपवर गेली. तेव्हापासून भाऊजींचं पालुपद, वहिनींना काय कळतं त्यातलं. तुम्ही आधी दोन मिनिटांचा तुकडा रेकॉर्ड करून हेडफोन लावून ऐका, मग तीन तास लावून ठेवा. आणि खरं सांगायचं तर टेपच्या त्या भागाला कडेला थोडी बुरशीही होती, काकांनी भिंग लावून दाखवली होती. पण बुरशी काय फक्त अंतरपाटावरच बसते का?

तुमच्या बाबांच्या कॅसेट हँडीकॅमच्या छोट्या मिनी डीव्ही असतील तर वरचं सगळं विसरा, त्यांना कॅप्चर कार्ड लागतच नाही, कॅमेऱ्यातून फायरवायरच्या केबलने डिजिटल जसंच्या तसं उतरतं, फक्त पीसीला फायरवायर पोर्ट हवा. तुम्ही पीसी कुठला आहे ते लिहिलंच नाहीये.

आणि भाऊजी, हे वाचत असाल तर व्हीसीआर अजून चालू आहे, टीव्हीच्या खालीच ठेवलाय. रविवारी नेरुळहून लोकल पकडा आणि या. सरळ टीव्हीला लावून दाखवते, कार्ड न लावता. पॉजचं बटण मात्र मी दाबणार.